गावाचं दप्तर, नव्या यंत्रावर

नंदुरबार जिल्ह्यात कोरीट नावाचं एक गाव आहे. गाव आपल्या जागेवरून कधी हललं नाही. शिवारही तेच आहे. पण या गावाच्या जमिनीच्या नोंदी ज्या कचेरीच्या ताब्यात असतात, त्या कचेरीचं नाव मात्र वारंवार बदलत गेलं. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला. तेव्हा हा सगळा मुलूख एकाच खानदेश जिल्ह्यात होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि नंदुरबारकडची गावं पश्चिम खानदेशात गेली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पश्चिम खानदेशचा धुळे जिल्हा झाला. पुढे १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार हा वेगळा जिल्हा निघाला. म्हणजे माणसं घरीच बसली होती आणि दप्तर मात्र प्रवास करत होतं.

आज मी बोलणार आहे ते या दप्तराच्या प्रवासाबद्दल. कचेरी बदलली, की कपाटं उचलून दुसरीकडे नेता येतात. पण दप्तर ज्यावर लिहिलेलं आहे, ती वस्तूच बदलली तर? लिपी बदलली, कागदाऐवजी संगणक आला, आणि एका संगणकाऐवजी वेगळ्याच बनावटीचा दुसरा संगणक आला, तर आतली नोंद जशीच्या तशी पोचते का? हा प्रश्न संगणकाच्या तंत्रज्ञांना रोजचा आहे. पण तो त्यांच्यापुरता नाही. ज्याच्या नावावर दोन एकर जमीन आहे, त्या प्रत्येकाचा हा प्रश्न आहे.

तंत्रज्ञांची भाषा थोडी समजून घेऊ. मोठ्या कचेरीतल्या, बँकेतल्या, इस्पितळातल्या मुख्य संगणकाला सर्व्हर म्हणतात. तो बंद पडला तर काम थांबू नये, म्हणून त्यातल्या माहितीची एक प्रत रोज रात्री वेगळी काढून ठेवतात. ती असते बॅकअप. पूर्वी हे बॅकअप चुंबकीय फितींवर घेत आणि फिती तिजोरीत ठेवत. सर्व्हर मोडला, जळाला, पाण्यात गेला, की ती प्रत नव्या यंत्रावर चढवायची. याला म्हणतात रिस्टोअर करणं, म्हणजे पूर्वस्थितीला आणणं.

आता अडचण अशी, की सात-आठ वर्षं चाललेला सर्व्हर मोडतो तेव्हा त्याच बनावटीचा सर्व्हर बाजारात मिळत नाही. कंपनीनं ते मॉडेल केव्हाच बंद केलेलं असतं. मिळतं ते नवं, वेगळ्या बांधणीचं यंत्र. जुन्या सर्व्हरची संपूर्ण प्रत त्यावर चढवली, की त्या प्रतीतली कार्यप्रणाली जागी होते आणि आपल्या ओळखीची डिस्क चालवणारी चकती-नियंत्रक पट्टी शोधू लागते. ती पट्टी तिथे नसते. मग यंत्र सुरूच होत नाही. विंडोज २००० च्या काळात असा निळा पडदा पाहून अनेक कचेऱ्यांतल्या संगणक विभागांची रात्र गेलेली आहे. प्रत शाबूत होती, एक अक्षरही पुसलेलं नव्हतं, पण वाचणारं यंत्र दुसरं होतं.

यावर उपाय आहेत. एक म्हणजे नव्या यंत्राचे भाग चालवणारे छोटे कार्यक्रम, ज्यांना ड्रायव्हर म्हणतात, ते आधीच त्या प्रतीत घालून ठेवायचे. दुसरा म्हणजे सगळं घर न हलवता फक्त सामान हलवायचं, म्हणजे नव्या यंत्रावर कार्यप्रणाली कोरी बसवायची आणि जुन्या प्रतीतून केवळ माहिती घ्यायची. तिसरा उपाय गेल्या पंचवीस वर्षांत रूढ झाला. खऱ्या यंत्राच्या पोटात एक आभासी यंत्र उभं करायचं. बाहेरचं लोखंड कुठलंही असो, आतल्या प्रणालीला कायम एकाच ठरावीक बनावटीचं यंत्र दिसत राहतं. आज बहुतेक मोठी माहिती-केंद्रं याच युक्तीवर चालतात.

पण मंडळी, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मला असं समजू नका. आपल्या गावांच्या दप्तरानं तो फार आधी पाहिला आहे.

खानदेशात इंग्रजांची पद्धतशीर जमीन-मोजणी सुरू झाली १८५२ साली. त्याआधी पाच वर्षं, १८४७ मध्ये, गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यातल्या मोजणीचे नियम पक्के केले होते. शेताला क्रमांक द्यायचा, हद्दीचे दगड रोवायचे, जमिनीची प्रत ठरवायची आणि त्यावर आकार बसवायचा. आज आपण ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो, तो याच व्यवस्थेचा वारसा आहे. खानदेशच्या शेतकऱ्यांना ही मोजणी आवडली नाही. सारा वाढणार या भीतीनं सावदा, चोपडा, एरंडोल या भागांत १८५२ मध्ये मोठा असंतोष उसळला आणि सरकारला लष्कर आणावं लागलं. नोंद होणं म्हणजे काय, हे त्या शेतकऱ्यांना चांगलं कळत होतं. एकदा कागदावर चढलं, की ते पिढ्यान्‌पिढ्या मानगुटीवर बसणार!

त्या काळचं गावदप्तर बहुतांशी मोडीत लिहिलेलं असे. मोडी ही भरभर लिहायची लिपी. हात न उचलता ओळच्या ओळ उतरते. कुलकर्णी ती लिहीत, कुलकर्णीच ती वाचत. ही विद्या घराण्यात होती आणि दप्तरही बहुधा त्यांच्याच घरी असे. पुढे छापखाना बालबोध लिपीचा झाला, शाळा बालबोध शिकवू लागल्या, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतूनही मागे पडली. १९५१ मध्ये कुलकर्णी वतन गेलं. दप्तर पगारी तलाठ्याकडे आलं. म्हणजे नोंदी वाचणारं यंत्रच बदललं. मोडीतला कागद आजही धडधाकट आहे, शाई काळी आहे, पण शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांपुढे तो ठेवला तर ते फक्त त्याच्याकडे बघत राहतील. तंत्रज्ञ म्हणेल, बॅकअप आहे, पण त्याला लागणारा ड्रायव्हर हरवला.

हे किती खरं आहे, ते २०२३ मध्ये साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कचेऱ्यांत जुनी कपाटं उघडली गेली. तेव्हा कागद कमी नव्हते. कमी होते ते मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या एका शब्दावर एखाद्या मुलाचा प्रवेश आणि नोकरी अवलंबून होती, आणि तो शब्द वाचणारा माणूस शोधावा लागत होता.

लिपीचं स्थलांतर हा पहिला टप्पा. पण त्याच्या आतही एक छोटं स्थलांतर सतत चालू होतं. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये तिच्यात काय पिकलं. १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला, त्यातून ही व्यवस्था वाढत गेली, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनं तिला आजचं रूप दिलं. या सातबाऱ्याची वही भरली, की साधारण दहा वर्षांनी तलाठी ती नव्यानं लिहून काढत असे. जुन्या वहीतून नव्या वहीत, हातानं, ओळीमागून ओळ. यालाच पुनर्लेखन म्हणत.

लिहून लिहून हात दुखतो. नाव चुकत नाही, कारण नावावर सगळ्यांचा डोळा असतो. क्षेत्रही बहुधा बरोबर उतरतं. राहून जातो तो बाजूचा एक रकाना, ‘इतर हक्क’. कुळाचा हक्क, विहिरीतल्या पाण्याचा वाटा, बहिणींचा हिस्सा, कर्जाचा बोजा, जमीन विकायला असलेली बंदी, हे सगळं त्या रकान्यात असतं. एका पुनर्लेखनात तिथली एक ओळ उतरायची राहिली, की दहा वर्षांनी पुढची वही त्या अपुऱ्या वहीवरून लिहिली जाते. वीस वर्षांनी ती ओळ कधी होती, हेही कुणाला आठवत नाही. प्रत काढताना झालेली चूक पुढच्या सगळ्या प्रतींत जाते. संगणकातल्या बॅकअपचा नियम यापेक्षा वेगळा नाही.

ही एक ओळ किती मोलाची असते? नंदुरबार जिल्ह्याचा इतिहास त्याचं उत्तर देतो.

शहादा-तळोदा भागात भिल्ल आणि इतर आदिवासींच्या जमिनी विसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर त्यांच्या हातून गेल्या. कुणाची कर्जापोटी गेली, कुणाची गहाणखताच्या नावाखाली विकली गेली, कुणी अंगठा कशावर उठवला हेच त्याला कळलं नव्हतं. याविरुद्ध अंबरसिंग सुरतवंती यांनी, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, आदिवासींना संघटित केलं. १९७२ च्या जानेवारीत शहाद्याला भूमुक्ती परिषद भरली. श्रमिक संघटना त्यातूनच उभी राहिली. शेतमजुरी, मारहाण, दारू, असे अनेक प्रश्न या चळवळीनं हाती घेतले. पण मुळाशी प्रश्न होता जमिनीचा, आणि जमिनीचा प्रश्न म्हणजे नोंदीचा प्रश्न.

या आणि अशा आंदोलनांच्या काळातच राज्यात दोन महत्त्वाचे कायदे झाले. पहिल्यानं जमीन महसूल संहितेत छत्तीस-अ हे कलम आलं, आणि आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय देण्यावर बंदी आली. दुसरा कायदा अनुसूचित जमातींना त्यांच्या जमिनी परत करण्याचा. तो १ नोव्हेंबर १९७५ पासून अंमलात आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन, ठरावीक अटींवर, मूळ मालकाला परत मिळू शकेल, अशी त्यात तरतूद होती.

आता गंमत पाहा. इंग्रजीत या कायद्याच्या नावात जो शब्द आहे, तोच संगणकवाले रोज वापरतात, रिस्टोअर करणं. आणि दोन्हीकडे अट एकच आहे. पूर्वीची स्थिती काय होती, हे सांगणारी प्रत सापडली पाहिजे आणि वाचता आली पाहिजे. १९५७ साली हे शेत कुणाच्या नावावर होतं? १९६३ मध्ये फेरफार कसा पडला? गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची वही, जिथे शाबूत होती तिथे या प्रश्नांना उत्तर होतं. जिथे ती कसरीनं खाल्ली होती किंवा पुनर्लेखनात पुसट झाली होती, तिथे कायदा असूनही आदिवासीच्या हाती काय लागणार? आजचा मालक कोण, हे ताज्या सातबाऱ्यावर असतंच. न्याय मागणाऱ्याला लागतो तो कालचा सातबारा.

दुसरा टप्पा संगणकाचा. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारनं जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची योजना देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून सुरू केली. महाराष्ट्रातून त्यात निवडला गेला वर्धा. पुढे योजना इतर जिल्ह्यांत पसरली. पण त्या वेळच्या संगणकाला मराठी येत नव्हतं! त्याची सगळी रचना रोमन अक्षरांसाठी. मग सातबारा लिहायचा कसा?

याचं उत्तर पुण्यात तयार झालं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. परम महासंगणकामुळे तिचं नाव घरोघरी पोचलं, पण सामान्य कचेरीच्या दृष्टीनं तिचं दुसरं काम तितकंच मोठं होतं. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी जे तंत्र विकसित झालं होतं, ते मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सी-डॅकमध्ये पुढे नेलं. त्याचं नाव जिस्ट. जिस्ट म्हणजे सुरुवातीला चक्क एक कार्ड होतं. संगणक उघडायचा, आत ते कार्ड बसवायचं, आणि मग पडद्यावर मराठी उमटायची. अक्षरांचे क्रमांक ठरवणारं एक भारतीय प्रमाणही होतं, इस्की नावाचं. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं त्याला मान्यता दिली. या प्रमाणाची खुबी अशी, की सगळ्या भारतीय लिप्यांना एकच क्रमांक. क म्हणजे क, मग तो देवनागरीत दाखवा, गुजरातीत दाखवा नाहीतर तेलुगूत. गुजरातच्या सीमेवरच्या नंदुरबारसारख्या जिल्ह्याला ही कल्पना पटायला वेळ लागू नये.

पण आता मघाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. कार्ड असलेल्या संगणकावर साठवलेली मराठी फाइल, कार्ड नसलेल्या संगणकावर नेली तर काय दिसेल? चित्रविचित्र खुणांची रांग. माहिती तीच, बॅकअप बिनचूक, पण यंत्र बदललं. डॉसचा जमाना जाऊन विंडोज आलं, तेव्हा नेमकं हेच झालं. कार्डं मागे पडली आणि त्यांची जागा फाँटनी घेतली.

फाँटचा काळ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा, प्रत्येक वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाचा फाँट वेगळा. एकानं टाइप केलेलं पत्र दुसऱ्यानं उघडलं, की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं. कारण या फाँटमध्ये संगणक मराठी साठवतच नव्हता. तो साठवत होता इंग्रजी अक्षरं, आणि त्यावर मराठी आकारांचा मुखवटा चढवत होता. त्यातही अक्षर नव्हे, अक्षराचे तुकडे. अर्धा म वेगळा, काना वेगळा. ‘कि’ हे अक्षर घ्या. उच्चारात क आधी आणि इकार नंतर. इस्कीनं तोच क्रम ठेवला होता. पण कागदावर वेलांटी आधी दिसते, म्हणून फाँटवाल्या फाइलीत वेलांटी आधी आणि क नंतर साठवलेला. अशा फाइलीत एखाद्या खातेदाराचं नाव शोधायचं म्हटलं, तर यंत्राला नाव दिसतच नाही, दिसतात ते तुकडे.

यावरचा कायमचा उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एकच, सर्वांना मान्य असा क्रमांक. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. त्यातला देवनागरीचा विभाग आपल्या इस्कीच्याच आधारे मांडलेला आहे. विंडोज २००० पासून कार्ड आणि खास फाँटशिवाय मराठी दिसू लागलं. पण तोवर साठलेली माहिती नव्या संकेतात उतरवणं बाकी होतं, आणि ते काम वाटतं तितकं सरळ नव्हतं. एक लहानसं उदाहरण देतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळे शब्द. एकात रफार, दुसऱ्यात मराठीचा तो खास चंद्रकोरीसारखा अर्धा र. हिंदीला त्याची गरज नाही, म्हणून बनवणाऱ्यांचं लक्ष तिकडे जाणार कसं? युनिकोडमध्ये दक्षिणेकडच्या भाषांतल्या कठोर र साठी असलेल्या अक्षराचं अर्धं रूप शेवटी मराठीच्या कामी आलं. रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमाला हे ठाऊक नसलं, की ‘शेतकऱ्याचा’ हा शब्दच बिघडतो. आणि ज्या कागदाबद्दल आपण बोलतो आहोत, त्याचं नाव षष्ठीत लिहायचं झालं तरी हाच र लागतो, सातबाऱ्याचा!

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, आपल्याकडेच असा घोळ. तसं नाही. इंग्लंडची गोष्ट सांगतो, आणि तीही जमिनीच्या नोंदींचीच आहे. १०८६ साली विल्यम राजानं आपल्या राज्यातल्या गावागावाची मोजदाद करून एक मोठं दप्तर लिहवून घेतलं. त्याचं नाव डूम्सडे बुक. चामड्याच्या पानांवर लॅटिनमध्ये लिहिलेलं ते दप्तर आजही लंडनच्या पुराभिलेखागारात आहे आणि वाचता येतं. त्याला नऊशे वर्षं झाली, म्हणून १९८६ मध्ये बीबीसीनं नवं डूम्सडे तयार केलं. हजारो शाळांतल्या मुलांसह दहा लाखांवर लोकांनी त्यात आपापल्या गावाची माहिती आणि छायाचित्रं दिली. हे सारं साठवलं खास प्रकारच्या लेसर तबकड्यांवर, आणि ते वाचायला लागे खास संगणक आणि खास यंत्र. पंधरा-सोळा वर्षांत ती यंत्रं दुर्मीळ झाली. नऊशे वर्षांचं जुनं दप्तर वाचता येत होतं आणि सोळा वर्षांचं नवं वाचता येईना! अखेर २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन इथल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी आजच्या संगणकात त्या जुन्या संगणकाचं सोंग उभं केलं आणि माहिती पुन्हा दिसू लागली. मघाशी सांगितलेल्या आभासी यंत्राचाच हा प्रकार.

आपल्याकडे तिसरा टप्पा आला तो तालुक्यातल्या संगणकावरून राज्याच्या सामायिक व्यवस्थेवर जाण्याचा. संगणकावरचे सातबारे आणि हस्तलिखित सातबारे जुळवून पाहिले, तेव्हा कुठे क्षेत्र जुळेना, कुठे नाव, कुठे फेरफाराचा क्रमांक. मग एडिट आणि री-एडिट नावानं दुरुस्तीची मोठी मोहीम झाली. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी संहितेत कलम १५५ होतंच, त्याचा आधार घेतला गेला. या मोहिमेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट यंत्राशी संबंधित नाही. ती म्हणजे चावडी वाचन. २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगावी संगणकावरचे सातबारे चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवले गेले. ज्याची जमीन त्यानं ऐकायचं आणि चूक असेल तर तिथेच सांगायचं. २०१८ च्या महाराष्ट्रदिनी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे हेलपाटे न घालता कोरीटचा माणूस पुण्यात किंवा सुरतेत बसूनही आपला उतारा काढू शकतो. ही सोय लहान नाही.

तंत्रज्ञ सांगतात, की जो बॅकअप कधी रिस्टोअर करून पाहिला नाही तो बॅकअप नव्हेच. आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत ही तपासणी चावडीवर होत असे. यंत्राला एवढंच सांगता येतं, की जितक्या नोंदी निघाल्या तितक्या पोचल्या. त्या खऱ्या आहेत की नाहीत, हे ज्याचं शेत आहे तोच सांगू शकतो.

प्रत एकाच जागी असू नये, हा दुसरा धडा. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावर सुरू झालेली आग वर पसरली, पाच जणांचा बळी गेला, आणि फायलींचे ढीग जळून गेले. जे कागद आधीच संगणकावर उतरले होते ते वाचले. बाकीच्या फायली इतर कचेऱ्यांतल्या प्रती गोळा करून पुन्हा उभ्या करण्याची वेळ आली.

आणि प्रतच कधी नव्हती तर? नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत ही स्थिती होती. तिथल्या अनेक वनगावांत माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेती करत आली, पण महसुली दप्तरात त्यांची शेतं नव्हती. सरदार सरोवराचं पाणी नर्मदाकाठच्या गावांत चढू लागलं, तेव्हा बुडणाऱ्या जमिनीचा मालक कोण, हे कागदावर दाखवणं अनेकांना जड गेलं. जे दप्तरात कधी चढलंच नाही, ते कुठल्याही यंत्रावर रिस्टोअर होत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं इथे एक वेगळी वाट काढली. त्याच्या २००८ च्या नियमांत पुराव्यांची यादी आहे, आणि तीत दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाबही धरला आहे. म्हणजे सरकारी दप्तर नसेल तिथे माणसाची आठवण पुरावा म्हणून कायद्यानं मान्य केली.

आठवणीतून प्रत उभी करणं मराठीला नवं नाही. महानुभाव पंथात म्हाइंभटांनी सिद्ध केलेलं लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आद्य ठेवा. परंपरा सांगते, की चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत त्याची मूळ पोथी नाहीशी झाली. ज्यांना ते पाठ होतं, त्यांच्या स्मरणातून ते पुन्हा लिहिलं गेलं. म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ आढळतात. माणसाची स्मृती हेही एक वेगळं यंत्रच. त्यावरून उतरलेली प्रत थोडी बदलते, पण ग्रंथ उरतो.

कोरीटसारख्या गावाच्या दप्तराची ही गोष्ट इथे संपत नाही. आजची माहिती-केंद्रंही दहा-पंधरा वर्षांत जुनी होतील, आजचे संकेत बदलतील आणि सातबारा पुन्हा एकदा नव्या यंत्रावर चढवावा लागेल. त्या वेळी मोडीतली वही, हस्तलिखित सातबारा आणि फेरफाराचं रजिस्टर हे ‘आता सगळं संगणकावर आहे’ म्हणून रद्दीत गेलेलं नसावं, एवढी काळजी कचेऱ्यांनी घेतली पाहिजे. मोडी वाचणारी नवी मुलं तयार झाली पाहिजेत. आणि खातेदारानं वर्षातून एकदा आपला उतारा काढून तो जुन्या उताऱ्याशी ताडून पाहावा, विशेषतः ‘इतर हक्क’ हा रकाना. नाव आणि क्षेत्र बरोबर दिसलं म्हणून घडी घालून ठेवू नये. त्या रकान्यात एखादी ओळ गळली असेल, तर ती आजच तहसीलदारांच्या नजरेला आणून देणं सोपं आहे. तीस वर्षांनी, तुमच्या नातवाला, ते सोपं राहणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)